ट्रंकेतल्या इंद्रजाल कॉमिक्सचे मोल कसे ठरवावे?

प्रश्न : माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात आणि नंतरही काही वर्षे कॉमिक्स जमवली. गेल्या वर्षी ते गेले. घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे सव्वाशेच्या आसपास सुटे अंक, वीस-वीस अंक एकत्र बांधलेले तीन खंड, अमर चित्र कथेची साठेक पुस्तके आणि आठ-दहा अमेरिकन कॉमिक्स सापडली. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने या सगळ्यांचे मिळून पंधरा हजार रुपये देऊ केले असून आठवडाभरात कळवा असे तो म्हणतो. भाचा इंटरनेटवर पाहून सांगतो की एकेका अंकाला हजारो रुपये मिळतात. आम्ही तिघे भावंडे आहोत. हे विकावे का? विकायचे तर किंमत कशी काढावी? आणि मला स्वतःला हा संग्रह पुढे वाढवावासा वाटतो, ते व्यवहाराला धरून होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : विक्रेत्याला या आठवड्यात होकारही देऊ नका आणि नकारही देऊ नका. जो माल चाळीस-पन्नास वर्षे ट्रंकेत पडून होता, त्याचा निर्णय सात दिवसांत व्हायला हवा अशी घाई फक्त घेणाऱ्याला असते. म्हणून तो लबाड आहे असे मी म्हणणार नाही. सरसकट बोली लावताना त्याला फाटके, अपुरे आणि कधीच न खपणारे अंकही गळ्यात घ्यावे लागतात, ते वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात आणि पुढे एकेक करून विकावे लागतात. त्यामुळे अंतिम विक्रीच्या निम्म्याहूनही कमी रक्कम त्याने देऊ केली तर ती या धंद्याची रीतच आहे. दुसरीकडे आपले भाचे ज्या किमती पाहत आहेत त्या बहुधा मागितलेल्या किमती आहेत, मिळालेल्या नव्हेत. एखादा अंक आठ हजारांना विक्रीस ठेवलेला दिसतो आणि दोन वर्षांनी पाहावे तर तो तिथेच असतो. पंधरा हजार हा आकडा योग्य असू शकतो, फार कमी असू शकतो आणि क्वचित जास्तही असू शकतो. आपल्याकडे नेमके कोणते अंक कोणत्या अवस्थेत आहेत हे आपण, विक्रेता आणि भाचे यांपैकी कोणीही अद्याप नीट पाहिलेले नाही, एवढेच आज ठामपणे म्हणता येते.

मुळात जुने म्हणजे महाग ही समजूत बाजूला ठेवावी लागेल. सुपरमॅनचे पहिले दर्शन घडवणारा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा जून १९३८ चा पहिला अंक एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात साठ लाख डॉलरला गेला, तो केवळ वयामुळे नव्हे. त्या काळी मुलांनी तो अंक वाचला, फाडला आणि टाकून दिला, पुढे महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत उरलेसुरलेही गेले, त्यामुळे मागणी प्रचंड आणि प्रती मोजक्या अशी स्थिती झाली. याच्या अगदी उलट, सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक नोव्हेंबर १९९२ मध्ये काळ्या सीलबंद पिशवीत आला तेव्हा लोकांनी उद्याची ठेव समजून तो चार-चार, पाच-पाच प्रतींनी विकत घेतला आणि पिशवी न फोडता कपाटात ठेवला. छापलेल्या लाखो प्रतींपैकी बहुतेक अजून कोऱ्या करकरीत अवस्थेत शिल्लक आहेत, म्हणूनच तीस वर्षांनंतरही त्याला किरकोळ भाव मिळतो. जे सांभाळण्यासाठी घेतले गेले ते स्वस्त राहिले आणि जे वाचून संपवले गेले ते महाग झाले. आपल्या ट्रंकेकडे पाहताना हा हिशेब लक्षात असू द्या.

इंद्रजाल कॉमिक्सच्या बाबतीत तो आपल्या बाजूने आहे. बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी, मार्च १९६४ मध्ये वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फँटम’च्या, कथेने ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद केली. ली फॉक यांचे वेताळ आणि मँड्रेक, त्यांच्याबरोबर फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा अस्सल देशी बहादूर, असा हा परिवार होता. अंक स्वस्त होते, कागद साधा होता आणि एक अंक गल्लीतल्या दहा मुलांच्या हातून फिरायचा. मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी भाड्याने चालणाऱ्या छोट्या ‘लायब्रऱ्या’ आठवा; तिथल्या अंकांपैकी धड अवस्थेत किती उरले असतील याचा अंदाज आपणच करू शकाल. मराठी अंकांची गत इंग्रजीहून वाईट झाली, कारण मुले मोठी झाल्यावर ते घरातून रद्दीतच गेले. त्यामुळे मराठी अंक दुर्मीळ आहेत. पण दुर्मीळ असणे आणि किमती असणे यांच्यामध्ये गिऱ्हाईक उभे असते, आणि मराठी अंक शोधणारे गिऱ्हाईक थोडे आहे. इंग्रजी इंद्रजालला देशभर आणि परदेशातही मागणी असते, कारण ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनसारख्या देशांत वेताळाचे संग्राहक मोठ्या संख्येने आहेत आणि बी. गोविंद यांनी रंगवलेली सुरुवातीची मुखपृष्ठे त्यांना भाषेपलीकडे हवी असतात. मराठी अंकाला असा विस्तृत बाजार नाही. एखाद्या क्रमांकासाठी दोन संग्राहक अडून बसले तर भाव एकदम चढतो आणि त्यांपैकी एकाला तो मिळाला की तोच अंक दुसऱ्या दिवशी निम्म्यावर येतो. म्हणून एखाद्या गाजलेल्या विक्रीवरून आपल्या सव्वाशे अंकांना गुणाकार करू नये, ही विनंती भाच्यांनाही सांगा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. एक जाड वही घ्या, टेबलावर स्वच्छ धुतलेली चादर पसरा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि खिडकीजवळच्या उजेडात, पंखा बंद ठेवून, एका वेळी एकच अंक हाताळा. प्रत्येक अंकासाठी मालिका, क्रमांक, तारीख, कथेचे नाव, छापील किंमत आणि भाषा लिहा. क्रमांक हा मुखपृष्ठावर असतो, पण प्रकाशक, मुद्रक आणि संपादक यांची बारीक अक्षरांतली ओळ आतल्या पानावर किंवा मलपृष्ठाच्या तळाशी असते, तीही वाचा. नियतकालिकाला ती छापणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे अंकाच्या अस्सलपणाचा तो पहिला दाखला ठरतो. सुरुवातीच्या अंकांत वेताळाची कथा जेमतेम सोळा पानांची असे आणि उरलेल्या पानांवर सामान्यज्ञान किंवा तत्सम मजकूर असे, तेव्हा कथा लवकर संपली म्हणून पाने हरवली असा निष्कर्ष काढू नका. क्रमांकांच्या गोंधळानेही दचकू नका. इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत, आणि १९८३ च्या सुमारास सलग क्रमांक सोडून ‘खंड २०, अंक १’ अशी पद्धत सुरू झाली. नवे संग्राहक कित्येकदा न निघालेले अंक शोधत बसतात.

मग अवस्था पाहायची, आणि सगळा भाव बहुधा इथेच ठरतो. पाने एकेक करून मोजा. मधले पान पिनांना धरून आहे की सुटून आले आहे, हे पाहा, कारण सर्वांत आधी गळते ते मधले पान. पिना गंजल्या असतील तर गंजाचा तांबूस डाग कागदात किती उतरला आहे ते नोंदवा. कण्याजवळ मुखपृष्ठाला पांढऱ्या बारीक चिरा पडलेल्या दिसतील. अंक जितक्या वेळा उघडला गेला त्याची ती खूण असते आणि परदेशी संग्राहक त्या चिरा मोजतात. कोपरे, डाग, वाळवीची भोके, कसरीने खरवडलेला भाग, पेनाने लिहिलेली नावे, सोडवलेली कोडी, लायब्ररीचे शिक्के यांतले काहीही लपवू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कात्री लागली आहे का, ते पाहा. सुरुवातीच्या इंद्रजाल अंकांच्या मलपृष्ठावर भिंतीला लावण्याजोगे पूर्ण पानाचे चित्र असे, आणि ते पाहून कोणत्या मुलाचा हात आवरला असेल? चित्र कापून घेतलेला अंक वाचायला पूर्ण असला तरी संग्राहकाच्या लेखी अपुरा असतो. अमेरिकन कॉमिक्समध्ये याची मोठी प्रसिद्ध तऱ्हा आहे. मार्व्हलने १९७४ मध्ये अंकांच्या आत कापून जमवण्याच्या छोट्या तिकिटांची टूम काढली होती. त्याच वर्षीच्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१ व्या अंकात वुल्वरीन पूर्णपणे अवतरला, आणि आज त्या अंकातले ते टपालतिकिटाएवढे चौकोनी कात्रण जागेवर असणे आणि नसणे यात फार मोठ्या रकमेचा फरक पडतो.

अमेरिकेत अवस्थेचे गुण दहापैकी देतात. फ्लोरिडातली सीजीसी ही संस्था २००० पासून हेच काम करते, अंकाला गुण देऊन तो पारदर्शक डबीत सीलबंद करते. या पद्धतीतली एक गोष्ट आपल्याला माहीत हवी : तिथे ‘गुड’ म्हणजे दहापैकी दोन. विक्रेत्याने वर्णनात ‘व्हेरी गुड’ लिहिले असेल तर तो अंक बऱ्यापैकी जीर्ण आहे असे समजावे, आणि आपल्या अंकाचे वर्णन करताना आपणही हे शब्द सैलपणे वापरू नयेत. ‘वरचा उजवा कोपरा दुमडलेला, सर्व पाने आहेत, मुखपृष्ठाच्या आत शाईने नाव’ असे साधे लिहावे. आपले अंक तिकडे पाठवून सीलबंद करून घेण्याची मात्र गरज नाही. पाठवणी, शुल्क आणि विमा यांचा खर्च मराठी अंकाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल.

बांधलेल्या तीन खंडांबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण आपल्या हातून चूक व्हायची असेल तर ती तिथे होईल. ते उसवू नका. बांधणी करताना बाइंडरने तिन्ही बाजूंनी यंत्राखाली कडा छाटलेल्या असतात आणि कण्यातून दोरा घातलेला असतो, त्यामुळे सुटे केल्यावर आपल्या हाती अस्सल सुटे अंक येत नाहीत, कडा कापलेले आणि भोके पडलेले अंक येतात, ज्यांची किंमत बांधलेल्या खंडाहून कमी ठरते. संग्राहक बांधणीला नाके मुरडतात, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. बांधणी नसती तर त्यातले निम्मे अंक कधीच गेले असते, आणि वाचनासाठी घेणाऱ्याला किंवा क्रमांकवार यादी जुळवणाऱ्याला असा खंड मोलाचाच असतो. खंड खंड म्हणूनच विका किंवा ठेवा.

अमर चित्र कथेचा विषय लवकर संपतो. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका इतक्या वेळा पुन्हा छापली गेली आहे की वाचणाऱ्याला कोणतेही पुस्तक आजही नवे मिळते, त्यामुळे नंतरच्या आवृत्त्यांना संग्रहमूल्य जवळजवळ नाही. पारख सोपी आहे. राम वाईरकरांनी चित्रे काढलेले ‘कृष्ण’ हे या मालिकेचे ११ व्या क्रमांकाचे पुस्तक. आजच्या आवृत्तीवर त्याचा क्रमांक ५०१ असतो. पाचशेच्या पुढचा क्रमांक दिसला की ती नंतरची छपाई समजावी. आरंभीच्या पुस्तकांत खर्च वाचवण्यासाठी सगळे रंग वापरलेले नसत आणि पाने पिवळ्या, निळ्या, हिरव्या छटांतच रंगवलेली असत. तशी दोन-चार निघाली तर ती वेगळी काढा, उरलेली निःशंकपणे नातवंडांना वाचायला द्या.

अमेरिकन कॉमिक्सपैकी एकेकाच्या पहिल्या पानाच्या तळाशी अगदी बारीक टाइपात नाव, क्रमांक, महिना आणि वर्ष दिलेले असते. तेवढी ओळ मोबाइलने टिपून ठेवा आणि मुखपृष्ठावरची किंमत सेंटमध्ये आहे की ब्रिटिश पेन्समध्ये, तेही लिहा. यांच्या झालेल्या विक्रीच्या नोंदी सहज सापडतात, म्हणून ट्रंकेतला हा एकच भाग असा आहे ज्याची किंमत घरबसल्या बऱ्याच अचूकपणे काढता येईल. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर शोधताना ‘विकले गेले’ अशी गाळणी (फिल्टर) लावून पाहावे आणि एकाच विक्रीवर न थांबता त्याच अंकाच्या, त्याच अवस्थेच्या चार-पाच विक्रींचा मध्य घ्यावा.

मराठी अंकांसाठी इतकी सोय नाही. अमेरिकेत १९७० पासून दरवर्षी निघणारी ओव्हरस्ट्रीटची किंमतसूची आहे, आपल्याकडे तसे काही नाही. ईबेचा देशांतर्गत बाजारही २०१८ मध्ये बंद झाला, आणि आता बहुतेक व्यवहार संग्राहकांच्या समाजमाध्यमांवरील गटांत किंवा ओळखीतून होतात. म्हणून यादी तयार झाली की ती किमान तीन वेगवेगळ्या लोकांना दाखवा, त्यांतला एक व्यापारी असावा आणि दोन स्वतः मराठी इंद्रजाल जमवणारे असावेत. किंमत आपण सांगू नका; ‘या यादीतले कोणते दहा अंक आपल्याला हवे आहेत आणि प्रत्येकाचे काय द्याल?’ एवढेच विचारा. तिघांच्या उत्तरांत जे क्रमांक पुन्हा पुन्हा येतील तेच आपल्या संग्रहाचे खरे मोल आहे. अशा ट्रंकेत बरीचशी रक्कम थोड्याच अंकांत असते असा माझा अनुभव आहे, आणि सरसकट बोली लावणाऱ्याचे लक्ष नेमके त्यांवर असते.

तोपर्यंत अंक ‘सुधारण्याचा’ मोह टाळा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागद खातो. लॅमिनेशन म्हणजे तर अंकाचा शेवटच. ओलसर वास येतो म्हणून उन्हात वाळत घालू नका. कडक उन्हाने रंग उडतो आणि आम्ल असलेला हा हलका कागद ठिसूळ होतो. सावलीत, कोरड्या दिवशी, थोडे उघडून ठेवणे पुरे. नंतर प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून ठेवावा. टेबलावर अंथरतात त्या वासाच्या पीव्हीसी प्लॅस्टिकचा स्पर्शही नको. डांबराच्या गोळ्या अंकांच्या अंगाला लागू देऊ नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. आणि ट्रंक खालच्या मजल्यावर असेल तर आजच वर न्या. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला याचे कारण सांगायला नको.

भावंडांच्या वाटणीबाबत एकच सूचना करतो : यादी आणि छायाचित्रे पूर्ण होण्याआधी एकही अंक कोणी घरी नेऊ नये. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल आणि आई हयात असतील तर त्यांचाही यात हिस्सा आहे, हे विसरू नका. संख्येने तीन वाटे करणे सर्वांत अन्यायाचे ठरेल, कारण एका वाट्यात पहिल्या काळातले पाच स्वच्छ अंक येऊन दुसऱ्यात चाळीस अपुरे येऊ शकतात. आपल्याला संग्रह ठेवायचाच असेल तर तिन्ही अंदाजांचा मध्य धरून इतरांचे हिस्से रोख द्या आणि त्याचा साधा कागद करून सर्वांच्या सह्या घ्या. भावंडांनी आठवण म्हणून एकेक अंक मागितला तर तो मात्र हिशेबाबाहेर ठेवावा. अशा वेळी किंमत काढत बसणे शोभत नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. संग्रह जरूर वाढवा, पण गुंतवणूक म्हणून नव्हे. मुदत ठेवीला कसर लागत नाही आणि तिला गिऱ्हाईकही शोधावे लागत नाही. शिवाय हे अंक बालपणी वाचलेली पिढी आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहे. तिच्यानंतर मागणी टिकेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. आवड म्हणून घेणार असाल तर मर्यादा आखून घ्या, उदाहरणार्थ फक्त मराठी वेताळ किंवा फक्त बहादूरचे सर्व अंक, आणि दहा फाटक्यांऐवजी एक पूर्ण अंक घ्या. दूरच्या विक्रेत्याकडून घेताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ, पिनांसह मधली दोन पाने आणि प्रकाशकाची ओळ यांची छायाचित्रे आधी मागा. रंगीत झेरॉक्स काढून जुन्या पिना मारलेले अंकही बाजारात फिरतात. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली आजचा कॉपियरचा कागद निळसर चमकतो आणि साठ-सत्तरच्या दशकातला वर्तमानपत्री कागद मंद, तपकिरी राहतो. दीडशे-दोनशे रुपयांच्या या दिव्याने बरीच फसवणूक टळते. आपल्याकडचे अंक स्कॅन करून विकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र मानू नका, कारण अंक आपल्या मालकीचा असला तरी त्यातल्या कथा-चित्रांचे हक्क आपल्याकडे आलेले नाहीत.

विक्रेत्याला आज फोन करून सांगा की यादी करायला महिनाभर लागेल, ती झाली की त्यालाही पाठवू आणि त्याने प्रत्येक अंकापुढे आपला दर लिहून द्यावा. अमर चित्र कथेच्या नंतरच्या आवृत्त्या त्याला हव्या असतील तर भावंडांना विचारून त्या आताच द्यायला हरकत नाही. निवडक अंक ‘फक्त पाहायला’ दुकानात नेण्याची गोष्ट त्याने काढली, तर पाहायला त्यालाच घरी बोलवा.